मलेरियाचं पत्रक किती जणींपर्यंत पोचलं? छापील संदेशांची पोच सर्वेक्षणात मोजण्याची रीत

मलेरिया निर्देशक सर्वेक्षणाचा कुठलाही अहवाल उघडा, नायजेरियाचा, युगांडाचा किंवा मलावीचा. मच्छरदाण्या, गर्भवतींच्या मलेरियारोधक गोळ्या, बालकांच्या रक्तातले परजीवी अशी मोठी प्रकरणं असतात, आणि त्यांच्या आसपास कुठेतरी एक छोटा तक्ता असतो. गेल्या सहा महिन्यांत मलेरियाबद्दल काही संदेश पाहिला किंवा ऐकला असं सांगणाऱ्या १५ ते ४९ वयाच्या महिला किती, आणि तो त्यांना कुठून कळला? रेडिओ, टीव्ही, पोस्टर किंवा होर्डिंग, वर्तमानपत्र किंवा मासिक, माहितीपत्रक, आरोग्य कर्मचारी, समाजमाध्यमं अशी यादी असते. माहितीपत्रकाच्या रकान्यातला आकडा बहुतेक वेळा इतका बारीक असतो की वाचणारा तसाच पुढे जातो. कधी उलटही होतं. एखादी संस्था तोच आकडा उचलते आणि 'छापील साहित्यावर पैसे घालवू नका' असा ठराव करून मोकळी होते.

माझं म्हणणं असं की छापील संदेशाचा आकडा दोन गोष्टींशिवाय वाचताच येत नाही. एक, त्या टक्केवारीच्या छेदात कोणत्या बायका धरल्या आहेत. दोन, त्यांच्यापैकी किती जणींना वाचता येतं. या दोन गोष्टी सुटल्या तर नमुना कितीही मोठा घ्या, आकडा दिशाभूलच करतो. सार्वजनिक आरोग्य किंवा लोकसंख्याशास्त्र शिकणारे विद्यार्थी, आफ्रिकी देशांची उपलब्ध माहिती घेऊन प्रबंध लिहिणारे आणि गडचिरोलीसारख्या भागात स्वतःचं छोटं सर्वेक्षण करू पाहणारे कार्यकर्ते, अशा तिघांना उपयोगी पडेल अशा बेताने पुढची रीत मांडली आहे.

आधी थोडी ओळख

१९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक यांनी मिळून 'रोल बॅक मलेरिया' भागीदारी सुरू केली. तिच्या मूल्यमापन गटाने मलेरियापुरतं आटोपशीर घरोघर सर्वेक्षण आखलं. त्याचा साचा १९८४ पासून चालत आलेल्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचाच आहे. झांबियाने २००६ मध्ये असं सर्वेक्षण केलं, ते अगदी सुरुवातीच्यांपैकी. नायजेरियात ते २०१०, २०१५ आणि २०२१ मध्ये झालं. आपल्याकडचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणही याच घराण्यातलं आहे आणि त्याची धुरा मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था सांभाळते. त्यात कुटुंबनियोजनाचा संदेश रेडिओवर, टीव्हीवर, वर्तमानपत्रात, भिंतीवर किंवा होर्डिंगवर पाहिला का, असं विचारतात. म्हणजे प्रश्नाची जात आपल्याला नवी नाही.

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परकीय मदत रोखली तेव्हा या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांचं कामही अडलं. दर काही वर्षांनी आयता आकडा मिळेल, या भरवशावर आता कुणी बसू नये. स्वतः मोजायला शिकलेलं बरं.

पायरी पहिली: 'छापील' म्हणजे काय ते कागदावर ठरवा

हे काम सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. प्रमाणित प्रश्नावलीत 'पोस्टर किंवा होर्डिंग' असा एकच संकेतांक असतो. दवाखान्याच्या दारावरचं कागदी पोस्टर आणि हमरस्त्यावरचा वीस फुटी फलक एकाच खणात पडतात आणि नंतर ते वेगळे करता येत नाहीत. एक शेकडो रुपयांचा, दुसरा हजारोंचा. खर्चाचा निर्णय घ्यायचा असेल तर स्वतःच्या सर्वेक्षणात हे दोन आधीच वेगळे ठेवा.

मग अडचणीची उदाहरणं येतात. आशाताईने फ्लिपचार्ट उघडून समजावलं, तर ते छापील की तोंडी? मच्छरदाणीच्या पिशवीवर छापलेली चित्रं? आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेली घोषणा? संस्थेने वाटलेलं कॅलेंडर? शाळेतून पोराने आणलेलं पत्रक, जे आईने हातातही घेतलं नाही? माझा नियम साधा आहे. माणूस समोर बसून बोलत असेल तर स्रोत 'आरोग्य कर्मचारी'. त्याने चित्रं दाखवली का, हा वेगळा उपप्रश्न. माणूस नसताना बाईच्या नजरेला मजकूर किंवा चित्र पडलं तर ते छापील. भिंतीवरची रंगवलेली घोषणा छापलेली नसली तरी मी तिला याच गटात, पण वेगळ्या संकेतांकाखाली ठेवतो, कारण गावात ती पोस्टरपेक्षा जास्त टिकते. तुमचा नियम वेगळा असला तरी चालेल. पण तो प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी लेखी असायला हवा, नाहीतर प्रत्येक सर्वेक्षक आपल्या मनाचा नियम चालवतो.

यासोबत साहित्ययादी करा. सर्वेक्षणाच्या आधीच्या वर्षभरात त्या भागात नेमकं काय छापलं गेलं, कोणत्या भाषेत, किती प्रती, कुठे लावल्या किंवा वाटल्या, कोणत्या महिन्यात? जिल्हा हिवताप कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि भागात काम करणाऱ्या संस्था यांच्याकडून प्रत्येक साहित्याची एक प्रत मागून घ्या. आपल्याकडे जून हा हिवताप प्रतिरोध महिना. बरंचसं छापील साहित्य त्याच सुमारास निघतं आणि त्यातलं काही उपकेंद्राच्या कपाटातच राहतं. कपाटातल्या गठ्ठ्याची नोंदही घ्या. 'पत्रक पोचलं नाही' याचं कारण बाईच्या विसरण्यात आहे की त्या कपाटात, हे पुढे समजायला हवं.

पायरी दुसरी: प्रश्नांची मांडणी

प्रमाणित प्रश्नावलीत आधी एक चाळणी प्रश्न असतो: गेल्या सहा महिन्यांत मलेरियाबद्दल काही संदेश पाहिला किंवा ऐकला का? 'हो' म्हणणारीला पुढे विचारतात, कुठे? सर्वेक्षक 'आणखी कुठे?' असं विचारत राहतो आणि ती सांगेल ते सगळं नोंदवतो. यादी वाचून दाखवायची नाही.

या पद्धतीत छापील माध्यम दोनदा मार खातं. बाई चाळणीलाच 'नाही' म्हणाली की पोस्टरचा प्रश्न तिच्यापर्यंत येतच नाही. 'हो' म्हणाली तरी आधी आठवतो रेडिओ किंवा नर्स, कारण तिथे आवाज असतो, माणूस असतो. पोस्टर जाता-येता दिसतं, ते आठवून सांगण्यासारखं वाटत नाही. त्यात मुलाखतीच्या तिसऱ्या दिवसापासून सर्वेक्षकांना कळून चुकतं की 'हो' म्हटलं की प्रश्न वाढतात. 'आणखी कुठे?' हे दुसऱ्यांदा विचारणं मग गळून पडतं. हे आळसापेक्षा थकव्यामुळे होतं, पण आकड्यावर परिणाम तोच.

उपाय म्हणजे तीन थर. पहिल्या थरात प्रमाणित प्रश्न जसाच्या तसा विचारा, म्हणजे इतर सर्वेक्षणांशी तुलना करता येईल. दुसऱ्या थरात चाळणीला काहीही उत्तर आलं असो, प्रत्येक बाईला छापील प्रकार एकेक करून विचारा:

'दवाखान्यात, ग्रामपंचायतीत किंवा दुकानात मलेरियाचं पोस्टर लावलेलं दिसलं का?'
'मलेरियाची माहिती असलेला कागद किंवा पत्रक कुणी तुमच्या हातात दिलं का, किंवा घरी आलं का?'
'पेपरात किंवा मासिकात मलेरियाबद्दल काही आलेलं पाहिलं का?'
'भिंतीवर रंगवलेली मलेरियाची सूचना पाहिली का?'

तिसरा थर म्हणजे साहित्ययादीतल्या खऱ्या पोस्टरचा आणि पत्रकाचा फोटो दाखवून 'हे पाहिल्यासारखं वाटतं का?' असं विचारणं. इथे हमखास फुगवटा येतो. पाहुण्याने काही दाखवलं की 'हो, पाहिलंय' म्हणण्याकडे कल असतो. म्हणून त्याच रंगसंगतीचं, त्याच धाटणीचं, पण त्या भागात कधीच न लावलेलं एक पोस्टर मध्ये मिसळा. समजा ते न लावलेलं पोस्टर १२ टक्के जणींनी 'पाहिलं' असं सांगितलं, तर खऱ्या पोस्टरच्या ३० टक्क्यांकडे कसं बघायचं ते कळतं. सरळ ३० वजा १२ करून १८ लिहू नका. चुकून ओळखणं प्रत्येक पोस्टरला सारखं लागू पडत नाही. दोन्ही आकडे शेजारी छापा आणि वाचणाऱ्याला ठरवू द्या.

या तीन थरांतून तीन वेगळे आकडे येतील आणि ते जुळणार नाहीत. जुळू नयेतच. आपणहून आठवलं, विचारल्यावर आठवलं आणि दाखवल्यावर ओळखलं, हे तीन वेगवेगळे अनुभव आहेत. अहवालात कुठलाही एक निवडून त्याला नुसतं 'पोच' असं नाव देऊ नका.

पत्रकाच्या बाबतीत आणखी एक प्रश्न फार उपयोगी पडतो: 'ते अजून घरात असेल तर दाखवाल का?' लसीकरणाचं कार्ड सर्वेक्षक स्वतः पाहतात, मच्छरदाणी टांगलेली आहे का तेही पाहतात. मग पत्रकच का नाही? ते कुठे सापडतं तेही लिहून घ्या. फडताळातल्या कागदाखाली, पोराच्या वहीला कव्हर म्हणून, डब्याच्या तळाशी. पत्रक टिकलं ते त्याच्या मजकुरामुळे की कागदाच्या जाडीमुळे, हा प्रश्न छपाई करणाऱ्यांनी मनावर घ्यावा असा आहे.

शेवटी मजकूर. 'त्यात काय सांगितलं होतं?' हा खुला प्रश्न ठेवा आणि उत्तरांचे संकेतांक त्या देशाच्या धोरणाप्रमाणे बनवा. आफ्रिकेतल्या अनेक देशांत गर्भवतींना दुसऱ्या तिमाहीपासून प्रत्येक तपासणीत, किमान महिन्याच्या अंतराने, सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या गोळ्या देतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१२ पासूनची शिफारस तशी आहे, आणि तिथल्या पोस्टरांवर हा संदेश ठळक असतो. भारतात हे धोरण नाही. नायजेरियाची प्रश्नावली जशीच्या तशी उचलून गडचिरोलीतल्या भामरागडमध्ये विचारली तर जो संदेश कुणी दिलाच नाही तो बायकांना 'माहीत नाही' असा शेरा मारून तुम्ही परत याल. आपल्याकडच्या यादीत ताप आला की रक्त तपासून घेणं, मच्छरदाणीत झोपणं, औषधांचा कोर्स पुरा करणं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणं (म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करणं), फवारणीला घर उघडून देणं हे असायला हवं.

पायरी तिसरी: सहा महिने म्हणजे कधीपासून

'गेल्या सहा महिन्यांत' हे कार्यालयातलं मोजमाप आहे. वर्षापूर्वी पाहिलेलं पोस्टर आठवणीत पुढे सरकून कालपरवाचं होतं. म्हणून खुणेचा दिवस द्या. सप्टेंबरअखेर विचारत असाल तर 'गुढीपाडव्यापासून आजपर्यंत' म्हणा. उत्तर नायजेरियात रमजान ही खूण चालेल, पण तो दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. मागच्या फेरीची खूण या फेरीत चालत नाही, हे प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मोठ्या अक्षरात हवं.

मलेरिया सर्वेक्षणं मुद्दाम पावसाळ्याच्या अखेरीस किंवा लगेच नंतर घेतात, कारण तेव्हा संसर्ग शिगेला असतो. संदेशांचा पाऊसही त्याच दिवसांत पडतो. शिवाय अनेक देशांत साधारण दर तीन वर्षांनी मच्छरदाण्यांचं सरसकट वाटप होतं आणि त्याच्यासोबत पोस्टरं लागतात. एक फेरी वाटपानंतर दोन महिन्यांनी आणि दुसरी दोन वर्षांनी झाली असेल, तर त्या दोन आकड्यांमधली घसरण ही संदेशाची घसरण मानू नका. दोन्ही फेऱ्यांचे क्षेत्रकामाचे महिने आणि शेवटच्या वाटपाची तारीख तक्त्याच्या डोक्यावरच लिहा.

पायरी चौथी: वाचता येतं का

या कुळातल्या सर्वेक्षणांत साक्षरता विचारून ठरत नाही, वाचायला लावून ठरते. सर्वेक्षक एक कार्ड पुढे करतो, त्यावर 'शेती हे कष्टाचं काम आहे' अशा अर्थाचं सोपं वाक्य असतं. पूर्ण वाचलं, थोडं वाचलं, अजिबात नाही, त्या भाषेचं कार्डच नव्हतं, दृष्टिदोष, असे पाच संकेतांक. माध्यमिकच्या पुढे शिकलेल्या बाईला कार्ड देत नाहीत, तिला साक्षर धरतात. माहितीच्या फाईलमध्ये हा चल (म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तरांचा रकाना) 'व्ही१५५' (V155) या नावाने असतो. 'कार्ड नव्हतं' आणि 'दृष्टिदोष' यांना 'वाचता येत नाही'मध्ये ढकलू नका, वेगळं दाखवा.

वाक्य वाचणं आणि पत्रक वाचणं यांतही अंतर आहे. पंचेचाळिशीच्या बाईला चष्मा नसेल तर बारीक अक्षरातलं घडीपत्रक तिच्यासाठी कोराच कागद. हे कुठल्या संकेतांकात बसत नाही, पण मुलाखतीत दिसतं, तेव्हा शेऱ्यात लिहायला सांगा.

भाषेचा मुद्दा गडचिरोलीत फार ठसठशीत आहे. एकाच जिल्ह्यात मराठी, गोंडी, माडिया, छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शी पट्ट्यात बंगाली आणि सिरोंच्याकडे तेलुगू. पोस्टर मराठीत, मुलाखत माडियात आणि वाचनाचं कार्ड पुन्हा मराठीत, असं झालं तर नेमकं काय मोजलं गेलं? नायजेरियातही हौसा, योरुबा आणि इग्बो प्रश्नावल्या असतात, आणि पोस्टर इंग्रजीत असलं तर तोच घोळ होतो. म्हणून प्रत्येक बाईसाठी तीन भाषा नोंदवा: मुलाखतीची, तिला वाचता येणारी आणि पाहिलेल्या पोस्टरची.

वाचता न येणाऱ्या बाईला पोस्टर निरुपयोगी असतं असं मात्र नाही. चित्र कळू शकतं, किंवा घरातलं कुणी वाचून दाखवतं. पोस्टरच्या फोटोवर बोट ठेवून 'यात ही बाई काय करतेय?' असं विचारा. मच्छरदाणीचं चित्र काहींना मासे धरण्याचं जाळं वाटू शकतं, किंवा मोठा करून दाखवलेला डास 'एवढा मोठा डास आमच्याकडे नसतो' म्हणून बाजूला सारला जाऊ शकतो. अशी उत्तरं टक्केवारीत जात नाहीत, पण पोस्टर काढणाऱ्या चित्रकाराला ती टक्केवारीपेक्षा जास्त कामाची.

पायरी पाचवी: किती बायका, किती गावं

नमुन्याचा हिशेब करताना बहुतेक जण इथे घसरतात. समजा छापील पोच २० टक्के असेल असा अंदाज आहे आणि ५ टक्के अलीकडे-पलीकडे चालेल. साध्या सूत्राने सुमारे २४६ बायका पुरतात. पण आपण गावं निवडतो आणि गावातून घरं निवडतो. पोस्टर हे बाईचं वैशिष्ट्य नसून गावाचं असतं. उपकेंद्रात लागलं असेल तर अख्ख्या गावाने पाहिलेलं, नसेल तर कुणीच नाही. त्यामुळे एका गावातल्या बायका एकमेकींसारखंच उत्तर देतात आणि पंचविसावी बाई फारसं नवं काही सांगत नाही.

हा सारखेपणा ० (अजिबात नाही) ते १ (सगळ्या जणी सारख्याच) असा मोजतात. तो ०.१ धरला आणि गावागणिक २५ बायका घेतल्या तर नमुना १ + २४ × ०.१, म्हणजे ३.४ पट लागतो, म्हणजे सुमारे ८३६ बायका आणि ३४ गावं. गावागणिक १० च घेतल्या तर १.९ पट, म्हणजे सुमारे ४६७ बायका, पण ४७ गावं. दुसऱ्या पर्यायात मुलाखती जवळजवळ निम्म्या आणि गाडीचं डिझेल जास्त. छापील साहित्य मोजायचं असेल तर मी डोळे मिटून जास्त गावांचा पर्याय घेतो. यावर प्रतिसाद न मिळण्याची भर घाला, साधारण दहा टक्के.

पायरी सहावी: गावात गेल्यावर

मुलाखतीआधी सर्वेक्षकाने गावात एक फेरी मारावी. आरोग्य केंद्र, उपकेंद्र, अंगणवाडी, ग्रामपंचायत, शाळा, बाजाराची जागा, मोठं किराणा दुकान. प्रत्येक ठिकाणी मलेरियाचं काही लावलेलं आहे का, वाचण्याजोगं आहे की उन्हाने पांढरं पडलंय, भाषा कोणती, आणि ते बायकांच्या वाटेवर आहे की अधिकाऱ्याच्या खुर्चीमागे? ही भिंतींची नोंद बायकांच्या आठवणीवर अवलंबून नसते. गावात एकही पोस्टर नाही आणि तरी चाळीस टक्के जणी 'पाहिलं' म्हणतात, हे कळायला दुसरा मार्ग नाही. अर्थात त्यांनी ते तालुक्याच्या दवाखान्यात पाहिलेलं असू शकतं, म्हणून 'कुठे पाहिलं?' हा प्रश्न सोडू नका.

आरोग्य खात्याचं जॅकेट, संस्थेचं चिन्ह असलेली पिशवी, मलेरियाचा टी-शर्ट घालून मुलाखतीला जाऊ नका. आशाताई घर दाखवायला आली तर चांगलंच, पण प्रश्न सुरू झाले की तिने उंबऱ्याबाहेर थांबावं. तिने वाटलेल्या पत्रकाबद्दल तिच्यासमोर 'नाही मिळालं' कोण म्हणेल? आणि संदेशांचे प्रश्न मच्छरदाणीच्या प्रश्नांनंतर ठेवा. आधी ठेवले तर बाई मच्छरदाणीचं 'योग्य' उत्तर शिकूनच पुढे जाते.

पायरी सातवी: संगणकावर

आयती माहिती वापरत असाल तर सुरुवात प्रश्नावलीपासून करा. संदेशांचे चल बऱ्याचदा देशानुसार जोडलेले असतात, त्यांची नावं 'एस' अक्षराने सुरू होतात आणि एका फेरीतून दुसऱ्या फेरीत बदलतात. नाव सारखं दिसलं म्हणून प्रश्न तोच असेल असं समजू नका.

आता छेदाची गोष्ट. चाळणीला 'नाही' म्हणणाऱ्या बायकांना स्रोताचा प्रश्न विचारलेलाच नसतो, म्हणून फाईलमध्ये त्यांच्या रकान्यात रिकामी जागा असते. संगणक रिकामी जागा वगळतो आणि टक्केवारी आपोआप फक्त 'हो' म्हणणाऱ्यांमधली निघते. एक कल्पित उदाहरण घेऊ. १,००० बायका. त्यांतल्या ४०० जणी 'संदेश पाहिला-ऐकला' म्हणाल्या. त्यांतल्या ६० जणींनी पत्रक, १०० जणींनी पोस्टर आणि ३० जणींनी वर्तमानपत्र सांगितलं. पत्रकाचा आकडा ४०० मध्ये १५ टक्के, पण १,००० मध्ये ६ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. पोच किती हे विचारायचं असेल तर रिकाम्या जागी शून्य भरून १,००० चा छेद घ्या. छापील अहवालांत दोन्ही प्रकारचे तक्ते सापडतात. तक्त्याचं पूर्ण शीर्षक वाचल्याशिवाय दोन देश शेजारी मांडू नका.

दुसरी गोष्ट, ६०, १०० आणि ३० यांची बेरीज १९० येते म्हणून छापील पोच १९ टक्के नाही. एकीनेच पोस्टरही पाहिलं, पत्रकही घेतलं. 'यांपैकी किमान एक' असा नवा चल बनवा. त्यात १५० जणी आल्या तर पोच १५ टक्के.

तिसरी, वाचनानुसार फोड. त्याच उदाहरणात ४५० जणींना पूर्ण किंवा थोडं वाचता येतं आणि पत्रक सांगणाऱ्या ६० पैकी ५४ त्यांच्यातल्या आहेत, असं धरा. वाचणाऱ्यांत १२ टक्के, न वाचणाऱ्यांत जेमतेम १ टक्का. आता '६ टक्के' या आकड्याचा अर्थ बदलला. वाटप अपुरं होतं हे खरं, पण निम्म्याहून जास्त बायकांसाठी पत्रक हे साधनच चुकीचं होतं.

भारांक, म्हणजे प्रत्येक बाईच्या उत्तराला द्यायचं वजन, विसरू नका. 'व्ही००५' ला दहा लाखांनी भागून भारांक मिळतो. 'व्ही०२१' हा निवडलेला समूह (गाव किंवा वस्ती), नमुना ज्या भागांत विभागून निवडला त्या स्तरांसाठी बहुधा 'व्ही०२३', पण त्या देशाच्या अहवालातल्या नमुना-रचनेशी ताडून पाहा. हे सगळं सांगायला स्टाटा या सॉफ्टवेअरमध्ये 'एसव्हीवायसेट' (svyset) ही आज्ञा आहे, आर (R) मध्ये 'सर्व्हे' (survey) पॅकेज. समूह न धरता साध्या सूत्राने काढलेला विश्वासांतर (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा तो पट्टा) खोटा अरुंद येतो, आणि वर सांगितलेल्या गावच्या सारखेपणामुळे छापील माध्यमात तो जरा जास्तच खोटा असतो. उपगट लहान असतील तर या सर्वेक्षणांची प्रथा पाळा: भारांक न लावता २५ पेक्षा कमी बायका असतील तर आकडा छापायचा नाही, २५ ते ४९ असतील तर कंसात छापायचा. गर्भवतींचा उपगट जिल्हा पातळीवर बहुतेक वेळा या कात्रीत सापडतो.

पायरी आठवी: 'पोस्टर पाहिलं म्हणून मच्छरदाणी वापरली' असं लिहिण्याआधी

हा निष्कर्ष फार मोहक आहे. पोस्टर पाहिलेल्या बायकांत मच्छरदाणी वापरण्याचं प्रमाण जास्त निघतं, आणि अहवालात वाक्य तयार. पण पोस्टर कुठे असतं? गर्भवतीच्या तपासणीच्या खोलीबाहेर. आफ्रिकेतल्या अनेक देशांत मच्छरदाणी कुठे मिळते? त्याच खोलीत. तपासणीला गेलेल्या बाईने पोस्टरही पाहिलं आणि मच्छरदाणीही घेतली. पोस्टर तिथे नसतं तरी मच्छरदाणी तिला मिळालीच असती. शिक्षण (व्ही१०६), संपत्ती-पंचमांश, म्हणजे संपत्तीनुसार पाडलेले पाच गट (व्ही१९०), शहर-गाव (व्ही०२५) आणि साक्षरता हे सगळे चल सांख्यिकी प्रतिमानात (मॉडेलमध्ये) घातले तरी ही गाठ सुटत नाही. तपासणीच्या भेटी किती झाल्या तेही घाला. शक्य असेल तर सारख्या भेटी झालेल्या बायकांची आपापसात तुलना करा. परिणामच सिद्ध करायचा असेल तर पोस्टर लावण्याआधी आणि नंतर, लावलेल्या आणि न लावलेल्या गावांत मोजा. एका वेळच्या सर्वेक्षणातून ते निघत नाही.

घरात मच्छरदाणी किती माणसांमागे किती, हेही पाहा. मच्छरदाणी नसलेल्या बाईने पोस्टर पाहून करायचं काय? 'वापर' मोजताना ज्या घरांत पुरेशा मच्छरदाण्या आहेत त्याच घरांपुरता छेद घेतला तर संदेशाचा भाग थोडा नितळ दिसतो.

अहवालात मी लिहीन ते वाक्य साधारण असं: '१५ ते ४९ वयाच्या सर्व मुलाखत दिलेल्या महिलांपैकी १५ टक्के महिलांनी पाडव्यापासून मलेरियाचं किमान एक छापील साहित्य पाहिल्याचं आपणहून सांगितलं. वाचता येणाऱ्यांत हे प्रमाण इतकं, न येणाऱ्यांत इतकं. न लावलेलं पोस्टर ओळखणाऱ्या इतक्या.' वाक्य लांब होतं, पत्रकार ते छोटं करतातच. तळटीपेत क्षेत्रकामाचे महिने, 'छापील'ची व्याख्या आणि मुलाखतींच्या भाषा. आणि भिंतींची नोंद गावागणिक वेगळ्या यादीत काढून त्या-त्या प्राथमिक आरोग्य केंद्राला अहवालाची वाट न पाहता द्या: कोणत्या उपकेंद्रात पोस्टर नाही, कुठे ते फिकं पडलंय, कुठे चुकीच्या भाषेत आहे आणि कोणत्या कपाटात गठ्ठा तसाच बांधलेला आहे.